सर्व्हर कुणाचा, वर्गणी कुणाची?

आंबेडकरी तरुणांच्या ग्रुपांवर एक मागणी दर काही महिन्यांनी उसळी घेते: आपला स्वतःचा फेसबुक हवा, आपला स्वतःचा ट्विटर हवा. कुणाचे तरी अकाउंट बंद होते, कुणाची पोस्ट उडवली जाते, आणि संताप सुरू होतो. आठवडाभर चर्चा चालते. एखादा इंजिनिअर मित्र सांगतो की कोड फुकट मिळतो, दोन दिवसांत उभे करून देतो. मग शांतता. पुढचे अकाउंट बंद होईपर्यंत.

मागणी रास्तच आहे. दुसऱ्याच्या ओसरीवर बसून त्याच्याच घराविरुद्ध किती दिवस बोलणार? पण या मागणीला एक इतिहास आहे आणि तो आपल्याकडे फारसा वाचला जात नाही. गेल्या पंधरा वर्षांत जगात अनेकांनी हे करून पाहिले. त्यांतले बहुतेक बुडाले, काही तगले. बुडालेल्यांचे कागद चाळले तर कोड वाईट होता म्हणून बुडालेले फार थोडे सापडतात. वर्गणी आटली, चालवणारा थकला, किंवा शिवीगाळ उपसून उपसून माणसे पळाली, असेच जास्त दिसते.

आधी आपलीच आठवण ताजी करू. नोव्हेंबर २०१८मध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी भारतात आले होते. काही महिला पत्रकार आणि कार्यकर्त्यांबरोबरच्या बैठकीनंतरच्या फोटोत त्यांच्या हाती ब्राह्मणी पितृसत्ता मोडीत काढा असे सांगणारे पोस्टर होते. ते थेनमोळी सौंदरराजन यांच्या कामातून आलेले. फोटो बाहेर पडला आणि गहजब झाला. ही कंपनीची भूमिका नाही असे सांगून ट्विटरने हात झटकले, कंपनीच्या कायदा विभागाच्या प्रमुख विजया गड्डे यांनी जाहीर माफी मागितली. तरी जोधपूरच्या एका न्यायालयाने डॉर्सींवर गुन्हा नोंदवायला सांगितलेच. पुढे उच्च न्यायालयाने ते थांबवले. जगातल्या एका बलाढ्य कंपनीच्या प्रमुखाला एक पोस्टर हातात धरणे झेपले नाही. यावरून त्या कंपनीचा कणा किती हे कळायला हवे होते.

वर्षभराने, नोव्हेंबर २०१९मध्ये, दिलीप मंडल यांच्या अकाउंटवर कारवाई झाली आणि बहुजन तरुणांनी ट्विटरलाच जातीयवादी ठरवणारे हॅशटॅग दिवसेंदिवस वर ठेवले. ब्लू टिक कुणाला मिळते, कोणत्या आडनावांना मिळते, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा एवढ्या जोरात विचारला गेला. त्याच सुमारास सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे अकाउंट बंद झाले. त्यांनी लावलेले चित्र होते नाझी सलामी द्यायला नकार देणाऱ्या एकट्या कामगाराचे. या दोन घटना एकत्र आल्या आणि हजारो भारतीय एका अनोळखी नावाच्या ठिकाणी गेले: मॅस्टोडॉन. आपलेही बरेच जण गेले. थोड्याच दिवसांत बहुतेक परत आले.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. ट्विटरविरुद्धचे ते सगळे हॅशटॅग ट्विटरवरच चालले. आपला राग हा त्यांचा माल होता. जितका राग मोठा, तितका वेळ आपण तिथे घालवला, तितक्या जाहिराती त्यांनी दाखवल्या.

मॅस्टोडॉनच्या आधीची एक कथा सांगितली पाहिजे, कारण आपल्या इंजिनिअर मित्राची कथा तीच आहे. २०१०च्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये कायद्याचे प्राध्यापक एबन मोगलेन यांनी एक भाषण दिले. लोकांनी आपली सगळी माहिती थोड्या कंपन्यांच्या हवाली केली आहे, ती परत प्रत्येकाच्या स्वतःच्या लहान सर्व्हरवर आणली पाहिजे, असा त्यांचा मुद्दा. ते ऐकून न्यूयॉर्क विद्यापीठातल्या चार विद्यार्थ्यांनी ठरवले की फेसबुकला पर्याय बांधायचा. नाव ठेवले डायस्पोरा. उन्हाळ्यापुरते काम करायला दहा हजार डॉलर हवेत असे आवाहन त्यांनी किकस्टार्टर या संकेतस्थळावर केले. फेसबुकच्या खासगीपणाच्या धोरणावर लोक तेव्हा इतके चिडलेले होते की ६,४७९ जणांनी मिळून २,००,६४१ डॉलर दिले. देणाऱ्यांत खुद्द मार्क झुकरबर्ग होते! मालकाला या पोरांची भीती किती वाटत होती, ते यावरून समजा.

पैसा आला. मग? सप्टेंबर २०१०मध्ये कोड जाहीर झाला तेव्हा जाणकारांनी त्यात सुरक्षेची भगदाडे दाखवली. अपेक्षा अख्ख्या जगाच्या, आणि खांदे चार मुलांचे. नोव्हेंबर २०११मध्ये चौघांपैकी इल्या झिटोमिर्स्की हा २२ वर्षांचा मुलगा गेला. त्याच्या मृत्यूचे कारण एका प्रकल्पाच्या माथी मारायचा अधिकार कुणालाच नाही. ऑगस्ट २०१२मध्ये उरलेल्यांनी प्रकल्प स्वयंसेवकांच्या समुदायाकडे सोपवला. डायस्पोरा आजही जिवंत आहे, पण फेसबुकचा पर्याय म्हणून त्याचे नाव कुणी घेत नाही.

दोन लाख डॉलर कमी नव्हते. पण ते एकदाच आले. एकरकमी देणगीने घर बांधता येते, घरपट्टी आणि वीजबिल मात्र दर महिन्याला येते. समाजमाध्यम हे बांधून संपणारे काम नसून दवाखान्यासारखे रोज चालवायचे काम आहे. आपल्याकडे विहार बांधायला वर्गणी पटकन जमते. त्याच विहारातल्या वाचनालयाचा दिवा चालू ठेवायला जमत नाही. डायस्पोराचे दुखणे आपल्या ओळखीचे आहे.

आता मॅस्टोडॉन. ऑयगेन रोख्को हा मॉस्कोत जन्मलेला, लहानपणी जर्मनीत आलेला, येना विद्यापीठात संगणकशास्त्र शिकलेला तरुण. २०१६मध्ये त्याने एकट्याने हे सॉफ्टवेअर प्रसिद्ध केले. त्याची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचे बोलता येणार नाही. मॅस्टोडॉन ही एक साइट नाही. ईमेल आठवा: तुमचे खाते एका कंपनीकडे, माझे दुसरीकडे, तरी पत्र पोहोचते. तसे इथे हजारो स्वतंत्र सर्व्हर आहेत. प्रत्येकाचा चालक वेगळा, नियम वेगळे, खर्च वेगळा, तरी एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्यावरच्याला वाचू शकतो. हे सर्व्हर ज्या सामाईक भाषेत बोलतात तिला, म्हणजे अॅक्टिव्हिटीपबला, २०१८च्या जानेवारीत वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने मान्यता दिली. एखादा सर्व्हर गुंडांना आसरा देत असेल तर बाकीचे त्याच्याशी संबंध तोडतात. वाळीत टाकतात म्हणा. (बहिष्कार हा शब्द आपल्याला कसा लागतो ते वेगळे सांगायला नको. इथे तो अंगावर येणाऱ्याविरुद्ध वापरला जातो, हा फरक.)

रोख्कोने पैसा कुठून आणला? पॅट्रिऑनवरच्या दरमहा छोट्या देणग्यांतून. एक-दोन श्रीमंतांकडून नाही, दोन-पाच युरो देणाऱ्या पुष्कळांकडून. २०२१मध्ये त्याने जर्मनीत ना-नफा कंपनी काढली. ऑक्टोबर २०२२मध्ये इलॉन मस्कने ट्विटर घेतले आणि लोंढा आला: महिन्याला सुमारे ३ लाख माणसे वापरत होती ती नोव्हेंबरपर्यंत २५ लाखांवर गेली. त्या वर्षी देणग्या सुमारे सव्वातीन लाख युरोंवर पोहोचल्या. आदल्या वर्षीच्या जवळजवळ सहापट. अमेरिकी गुंतवणूकदार पाकीट घेऊन दारात आले. पाचांहून अधिक प्रस्ताव त्याने परत पाठवले, कारण गुंतवणूकदार आला की ना-नफा राहत नाही.

त्या नकाराची किंमत समजायला आपल्याच देशातले कू आठवा. २०२०मध्ये सुरू झालेले हे भारतीय ट्विटर. टायगर ग्लोबल, अॅक्सेल यांसारख्यांची कोट्यवधींची गुंतवणूक, मंत्र्यांची पाठराखण, मराठीसह अनेक भारतीय भाषा. जुलै २०२४मध्ये बंद. विकत घेणारा मिळाला नाही, चालवायचा खर्च परवडेना. ज्यांनी तिथे वर्षानुवर्षे लिहिले त्यांचे लिखाण मालकाच्या ताळेबंदाबरोबर संपले. मॅस्टोडॉनकडे त्याच्या शतांशही भांडवल नव्हते आणि ते आज चालू आहे.

पण मॅस्टोडॉनची आरती ओवाळायचे कारण नाही. २०२४मध्ये जर्मन प्रशासनाने त्यांचा ना-नफा दर्जा काढून घेतला. कारभार नीट असूनही कागदावरचा दर्जा एका दिवसात जातो, हे इथल्या कोणत्याही ट्रस्टच्या कार्यकर्त्याला कळेल. जानेवारी २०२५मध्ये त्यांनी जाहीर केले की सर्व मालकी एका युरोपीय ना-नफा संस्थेकडे जाईल आणि एका माणसाच्या हाती काही राहणार नाही. नोव्हेंबर २०२५मध्ये रोख्कोने प्रमुखपद सोडले. जवळपास दहा वर्षे सगळे एका माणसाच्या नावावर होते. तो सज्जन निघाला हे त्या लोकांचे नशीब. नशिबावर चळवळ चालत नाही.

खुल्या कोडची दुसरी बाजूही आपल्या मित्रांना सांगायला हवी. कोड खुला म्हणजे शत्रूलाही खुला. जुलै २०१९मध्ये गॅब हे अमेरिकेतल्या वर्णद्वेष्ट्यांचे आवडते ठिकाण मॅस्टोडॉनचा कोड घेऊनच नव्याने उभे राहिले. बहुतेक सर्व्हरांनी त्याच्याशी संबंध तोडले, पण कोड काढून घेता आला नाही. ऑक्टोबर २०२१मध्ये ट्रम्प यांच्या ट्रुथ सोशलने तोच कोड वापरला, आणि परवान्यानुसार स्वतःचा बदललेला कोड खुला करायचे टाळले. कायदेशीर पत्र गेल्यावर नोव्हेंबरमध्ये मुकाट्याने केला. तेव्हा ओपन सोर्स म्हणजे आपोआप पुरोगामी हा भ्रम सोडा. कुऱ्हाड कुणाच्याही हातात कुऱ्हाडच असते.

ट्विटरमधून २०२२मध्ये जे लाखो लोक आले ते एकाच सर्व्हरवर आले नाहीत. हजारो छोट्या चालकांच्या दारात आले. हे चालक कोण होते? नोकरी सांभाळून रात्री हे काम करणारी माणसे. मास्टोडॉन डॉट टेक्नॉलॉजी हा जुना, मोठा सर्व्हर याच काळात बंद झाला, कारण चालकाच्या घरी आजारपण होते आणि सर्व्हरला द्यायला वेळ उरला नव्हता. यात दोष कुणाचा? घरातल्या आजाऱ्याला सोडून सर्व्हर बघ, असे कुठल्या तोंडाने सांगणार? मास्टोडॉन डॉट लोल हा दुसरा. तिथे एका व्हिडिओ गेमवरून भांडण पेटले, चालकावर दोन्ही बाजूंनी इतकी आग ओतली गेली की २०२३मध्ये त्याने हजारो लोकांचा सर्व्हर बंद केला. पैसे संपले नव्हते. माणूस संपला होता.

जमिनीची मालकी हा याहून वेगळा प्रश्न. क्विअर डॉट एएफ नावाचा सर्व्हर होता. इंग्रजी गमतीसाठी घेतलेले ते शेवटचे एएफ म्हणजे अफगाणिस्तानचे डोमेन. काबूल तालिबानच्या हाती गेले आणि फेब्रुवारी २०२४मध्ये तालिबानच्या मंत्रालयाने ते नावच बंद करून टाकले. सर्व्हर शाबूत, माहिती शाबूत, पत्ता मात्र गायब. भूमिहीनांच्या मुलांना हे जास्त समजवावे लागू नये: घर तुमचे आणि सातबारा दुसऱ्याचा असेल तर घर तुमचे नसते. डोमेन कोणत्या देशाचे, कुणाच्या नावावर, नूतनीकरणाचा ईमेल कुणाला जातो, ही बाब पहिल्याच बैठकीत ठरवायची असते.

कार्यकर्त्यांसाठी याहून गंभीर प्रकरण कोलेक्टिवाचे. कार्यकर्त्यांचा, अराजकतावाद्यांचा हा सर्व्हर. मे २०२३मध्ये एफबीआयने त्यांच्या एका चालकाच्या घरावर छापा टाकला, तोही दुसऱ्याच कुठल्या प्रकरणात. नेमका त्या वेळी तो सर्व्हरच्या बिघाडावर काम करत होता आणि संपूर्ण डेटाबेसची कुलूप न लावलेली प्रत त्याच्या यंत्रावर होती. सगळे यंत्रासकट गेले. हजारो माणसांचे ईमेल, त्यांच्या आपापसांतल्या चिठ्ठ्या. मॅस्टोडॉनवरचा खासगी संदेश चालकाला वाचता येतो, हे अनेकांना माहीत नसते. मोठ्या कंपनीकडे निदान वकिलांची फौज असते, आपल्याकडे असतो एक पोरगा आणि त्याचा लॅपटॉप. भीमा कोरेगाव प्रकरणात रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून फायली घुसवल्या गेल्याचा निष्कर्ष अमेरिकेतल्या आर्सेनल या तपास संस्थेने २०२१मध्ये मांडला होता. त्या देशात आपण सर्व्हर चालवायच्या गोष्टी करतो आहोत. तेव्हा जपून ठेवण्याची गरज नाही ती माहिती मुळात गोळाच करायची नाही, बॅकअप कुलूपबंद ठेवायचा, आणि मोर्चाचे नियोजन अशा ठिकाणी करायचेच नाही. हे ठिकाण सभेचे आहे, कार्यकारिणीच्या बैठकीचे नाही.

आणि आता तो प्रश्न, ज्याच्यासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला. प्लेव्हिशस नावाचा एक मॅस्टोडॉन सर्व्हर कृष्णवर्णीयांनी चालवला होता. स्वतःचा सर्व्हर, स्वतःचे नियम, स्वतःचे मॉडरेटर. आपण जे मागतो ते सगळे त्यांच्याकडे होते. २०२०मध्ये तो बंद पडला. शेजारच्या सर्व्हरांवरून येणारा वर्णद्वेष थांबत नव्हता, आणि त्याबद्दल बोलणाऱ्यांनाच वातावरण बिघडवणारे ठरवले जात होते. मॅस्टोडॉन हे ट्विटरपेक्षा सुसंस्कृत आहे असे तिथले गोरे रहिवासी अभिमानाने सांगत होते तेव्हाची ही गोष्ट. त्यांच्या दृष्टीने ते सुसंस्कृत होतेही. पुण्याच्या पेठेतला माणूस आमच्या वाड्यात जात पाळत नाहीत असे म्हणतो, तसे.

या धड्याला फाटा देऊन पुढे जाता येणार नाही. आपला सर्व्हर उभा राहिला की पहिल्या आठवड्यात काय होईल? बाहेरून शिव्या येतील. उघड जातिवाचक शब्द यंत्र पकडेल. पण 'सरकारी जावई' यंत्राला कळत नाही. 'कोट्यातला डॉक्टर' यंत्राच्या दृष्टीने माहिती आहे. बाबासाहेबांच्या फोटोखाली कुणी निळ्या रंगावर विनोद करतो, कुणी फक्त आडनाव विचारतो, कुणी 'तुमच्यात चालते का हे' असे म्हणतो. यात एकही शिवी नाही. आपल्यातला कुणीही हे वाचून क्षणात ओळखतो, कॅलिफोर्नियातला किंवा हैदराबादमध्ये कंत्राटावर बसलेला मॉडरेटर ओळखत नाही. मोठ्या कंपन्यांच्या नियमावलीत जात हा शब्द आला, पण तो ओळखणारे डोळे आले नाहीत.

आपला सर्व्हर हवा असण्याचे सर्वांत मोठे कारण हेच, आणि सर्वांत मोठा खर्चही हाच. कारण हे सगळे कुणीतरी वाचणार आहे. रोज. स्वतःच्या आईबापावरून, स्वतःच्या बापाच्या बापावरून लिहिलेले. खैरलांजीनंतर, एखाद्या अत्याचाराच्या बातमीनंतर जे लोक लिहितात ते एका विशीतल्या पोराने किंवा पोरीने एकेक करून वाचायचे आणि काढायचे. हे काम फुकट सांगणे म्हणजे काय, ते आम्ही सांगायला हवे का? गावाची घाण उपसायचे काम एका समाजावर टाकून त्याला सेवा म्हणणारी व्यवस्था आपण ओळखतो. आपल्याच सर्व्हरवर 'स्वयंसेवक' या गोंडस नावाने तीच व्यवस्था उभी करायची नसेल तर मॉडरेटरला पगार द्यावा लागेल, पाळ्या लावाव्या लागतील, आणि त्यात बायका असाव्या लागतील. कारण आपल्या पोरींना येणाऱ्या शिव्या बाहेरूनच येतात असे नाही.

पैशाचे गणित मग वेगळेच दिसते. काहीशे माणसांपुरता छोटा सर्व्हर महिन्याला दोन-तीन हजार रुपयांत चालू शकतो. हजारावर सक्रिय माणसे आली की साठवण वाढते, कारण दुसऱ्या सर्व्हरांवरून येणारे फोटो-व्हिडिओही आपल्याकडे साठत जातात. ईमेल पाठवायची सेवा, बॅकअपची वेगळी जागा हे धरून आमच्या अंदाजाने दहा हजारांपर्यंत जावे. दोन अर्धवेळ मॉडरेटरांना प्रत्येकी दहा हजार म्हटले तरी महिन्याला तीस हजार झाले. म्हणजे एक हजार माणसे, महिन्याला तीस रुपये. एका कटिंग चहाच्या दोन-तीन कपांचे पैसे. एकेका वस्तीत जयंतीच्या डीजेचे एका रात्रीचे भाडे यापेक्षा जास्त असते, हे पुन्हा पुन्हा सांगून आम्हालाच कंटाळा आला आहे.

तीस रुपये जड नाहीत. पण एक हजार माणसांनी ते सलग छत्तीस महिने देणे जड आहे. इथेच सगळे अडते.

परदेशातल्या आपल्या बांधवांकडे बघू असे लगेच कुणी म्हणेल. जरूर बघू, पण कायदा वाचून. परदेशी योगदान नियमन कायदा २०१०नुसार नोंदणी नसताना परदेशी स्रोताकडून पैसा घेणे गुन्हा आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने दिलेला पैसा त्यात धरला जात नाही. पण त्याच माणसाने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल तर तो परदेशी स्रोत ठरतो. आडनाव कांबळे असले तरी. एका चुकीच्या पावतीवर अख्खी संस्था गोत्यात येऊ शकते, आणि अशा चुका शोधायला कुणाला किती उत्साह असतो हे वेगळे सांगायला नको. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २०२१चे नियम आहेत. ५० लाख वापरकर्त्यांच्या वर गेल्यावरची जास्तीची बंधने आपल्याला लागणार नाहीत, पण तक्रार अधिकाऱ्याचे नाव जाहीर करणे, तक्रारींना मुदतीत उत्तर देणे, आदेश आला की ठरलेल्या तासांत मजकूर काढणे हे छोट्यालाही चुकत नाही. कलम ७९चे संरक्षण हवे तर हे करावेच लागते. म्हणजे एक वकील हवा. आपल्यात वकील कमी नाहीत. महिन्यातले चार तास देणारा एक हवा.

मालकी कुणाची असावी याचे एक चालते उदाहरण सोशल डॉट कूपचे. २०१७पासूनचा हा मॅस्टोडॉन सर्व्हर सहकारी तत्त्वावर चालतो. सभासद ऐपतीप्रमाणे महिन्याला एक ते दहा पौंड देतात, हिशेब सगळ्यांना दिसेल असा खुला असतो, नियम बदलायचे तर मतदान होते. सहकार म्हटले की महाराष्ट्रात आपल्या डोळ्यांपुढे कारखान्याचा चेअरमन आणि उसाच्या फडातली कोयता हातातली बाई एकदमच येतात, त्यामुळे या शब्दावर आपला विश्वास पटकन बसत नाही. बरोबरच आहे. पण तिथे फसवणूक सहकाराच्या तत्त्वाने केली नाही, सभासदत्व कुणाला मिळाले आणि हिशेब कुणी पाहिला याने केली. एक सभासद एक मत, आणि जमाखर्च दर महिन्याला भिंतीवर, एवढे पाळले तरी बऱ्याच आजारांना औषध होते. आपल्या चळवळीतल्या फुटींचा इतिहास काढला तर तत्त्वापेक्षा हिशेबावरून झालेल्या कमी नाहीत.

आपल्या हाताशी याहून जुना नमुना आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी मूकनायक निघाला. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. केसरीने मूकनायकची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही, हे बाबासाहेबांनीच नोंदवून ठेवले आहे. म्हणजे व्यासपीठ आपले नसले की काय होते याचा अनुभव आपल्याला ट्विटरने पहिल्यांदा दिला नाही. पण पुढचे लक्षात घ्या. जुलै १९२०मध्ये बाबासाहेब शिक्षणासाठी लंडनला गेले, पत्र इतरांच्या हाती राहिले आणि १९२३पर्यंत बंद पडले. चांगली सुरुवातीची देणगी, योग्य विचार, योग्य माणूस. तो माणूस दूर गेल्यावर मात्र तोलून धरणारी व्यवस्था नाही.

३ एप्रिल १९२७ला बहिष्कृत भारत निघाले. महाडचा सत्याग्रह नुकताच झालेला, चळवळ ऐन भरात. अंकाचे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेबांना एकट्याने भरावे लागत. परदेशातून पदव्या घेऊन आलेला बॅरिस्टर, कॉलेजातले शिकवणे, कोर्टाचे काम, आणि रात्री रकाने. फेब्रुवारी १९२८च्या अंकात त्यांनी 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' असा लेखच लिहिला. पत्र चालवण्याचा भार आणि समाजाचे त्याबाबतचे कर्तव्य हा त्याचा विषय. ज्यांच्यासाठी हे चालले आहे त्यांनी याचा खर्च आपला मानावा की नाही, असे ते सरळ विचारतात. १९२९मध्ये बहिष्कृत भारत बंद झाले. लाखो लोक ज्यांच्या शब्दावर रस्त्यावर येत होते त्यांचे पाक्षिक वर्गणीअभावी थांबले.

त्यांनी तिथे हात टेकले नाहीत. २४ नोव्हेंबर १९३०ला जनता निघाले, आणि ते पाव शतक चालले; ४ फेब्रुवारी १९५६ला त्याचेच प्रबुद्ध भारत झाले. मूकनायक तीन वर्षे, बहिष्कृत भारत अडीच, जनता पंचवीस. मधल्या काळात काय बदलले? छापखाना आपला झाला. संपादनाचा भार इतरांनी वाटून घेतला. आणि संघटना उभी राहिली: गावोगावचे कार्यकर्ते अंक नेणारे, वाचून दाखवणारे, वर्गणी गोळा करणारे. जनताचा अंक वस्तीत एक यायचा आणि वाचता येणारा पोरगा तो कंदिलाखाली पन्नास जणांना वाचून दाखवायचा. हे सर्व्हरच होते म्हणा, फक्त वीज नव्हती.

म्हणून इंजिनिअर मित्राला आमचे सांगणे आहे की कोड दोन दिवसांत उभा कर, पण तिसऱ्या दिवशी घोषणा करू नकोस. आधी सहा महिने शंभर माणसांवर चालव. डोमेन, सर्व्हर आणि बॅकअपच्या किल्ल्या तीन वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या तिघांकडे ठेव, त्यातली एक तरी बाई असू दे. तू लग्नासाठी, परीक्षेसाठी, आजारपणासाठी महिनाभर गायब झालास तर काय होते हे मुद्दाम गायब होऊन पाहा. सर्व्हर बंद करावा लागला तर लोकांना तीन महिने आधी कळेल आणि आपले लिखाण घेऊन जाता येईल, हा नियम आधी लिही. आणि पहिल्या शंभर जणांकडून पहिल्या महिन्यापासून तीस रुपये घे, ज्याच्याकडे खरोखर नाहीत त्याचे दुसऱ्याने भरावेत. सहा महिन्यांनी शंभरातले किती जण अजून देत आहेत ते मोज. सत्तर असतील तर हजारांकडे जाऊ. वीस असतील तर प्रश्न सर्व्हरचा नाही, आणि तेव्हा १९२८चा तो लेख आपण सगळ्यांनी एकत्र बसून मोठ्याने वाचू.